मनगटाचा कोन आणि हँडलचे वळण

माउंटन बाइकचे हँडल किती मागे वळलेले असावे, हे सायकलच्या नावावरून ठरत नाही. ते चालवणाऱ्याच्या कोपरांवरून ठरते. कोपरे बाहेर काढून, छाती हँडलवर आणून, पायडलवर उभ्याने तीव्र उतार उतरणाऱ्याला जवळजवळ सरळ दांडी लागते. सीटवर बसून, कोपरे सैल सोडून, तासन्‌तास खडबडीत वाटेने जाणाऱ्याला ती मागे वळलेली लागते. ही दोन वेगळी माणसे आहेत, पण दुकानात उभी असलेली बहुतेक प्रत्येक माउंटन बाइक पहिल्यासाठी आखलेले हँडल दुसऱ्याच्या हाती देते. मधल्या पकडीपासून ग्रिपकडे जाताना दांडी जितक्या अंशांनी स्वाराकडे वळते, त्या कोनाला बॅकस्वीप म्हणतात. आजच्या माउंटन बाइकवर तो साधारण ७ ते ९ अंश असतो. बसून लांब पल्ला गाठणाऱ्यासाठी एवढे वळण अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला १२ ते १६ अंश अधिक मानवतात, आणि ताठ बसणाऱ्या काहींना तर ४५ अंशांपर्यंतचे वळणही. मात्र नवे हँडल नुसते बसवून काम भागत नाही, सायकलची लांबीही त्याच्याशी जुळवून घ्यावी लागते. ही दुसरी अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि त्यामुळे चांगल्या हँडलची बदनामी होते.

मनगटाला काय हवे असते, हे घरीच पाहता येते. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरा, दंड शरीरालगत सैल सोडा आणि कोपरांतून हात पुढे वाकवा. मनगट मुद्दाम कुठेही वळवू नका. आता वरून पाहिले तर पेन्सिली एका सरळ रेषेत नसतात. अंगठ्याकडची टोके पुढे आणि आत गेलेली असतात, करंगळीकडची टोके मागे आणि बाहेर. आपण काठी मुठीत धरतो तेव्हा ती हाताच्या रेषेला काटकोनात राहत नाही, अंगठ्याच्या बाजूने थोडी पुढे कलते. पिस्तुलाची मूठ याच कलाचा विचार करून घडवलेली असते. आता कोपरे पंखांसारखी बाहेर काढा आणि मुठी होत्या तिथेच ठेवा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आतल्या दिशेला वळतो, आणि मघाशी तिरक्या असलेल्या पेन्सिली जवळजवळ एका रेषेत येतात. सगळा वाद या दोन स्थितींमध्ये सामावलेला आहे. कोपरे बाहेर असतील तर सरळ दांडी मनगटाला सोयीची पडते. कोपरे आत आली की तीच दांडी मनगटाला अंगठ्याच्या बाजूला मुरडून धरते. शिवाय हँडल रुंद असेल आणि कोपरे मात्र अंगालगत असतील, तर हात बाहेरच्या दिशेने जातात आणि मुरड आणखी वाढते. आजची हँडले ७६० ते ८०० मिलिमीटर रुंद असतात. म्हणजे बसून चालवणाऱ्याची अडचण अलीकडे कमी होण्याऐवजी वाढली आहे.

तळहाताचाही प्रश्न आहे. सरळ दांडी धरताना तळवे पूर्ण जमिनीकडे करावे लागतात. त्यासाठी हाताच्या दोन लांब हाडांपैकी अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून आडवे जाते. दांडी मागे वळत जाते तसतसे तळवे एकमेकांकडे वळतात, आणि ही हाडे नमस्कारासाठी हात जोडतो त्या स्थितीच्या जवळ येतात. तळवे काही मिनिटे जमिनीकडे ठेवल्याने काही बिघडत नाही. पण मुरडलेल्या मनगटावर तासन्‌तास शरीराचा भार पडत राहिला, त्यात रस्त्याचे हादरे मिसळले, तर तो भार तळव्यावर सारखा पसरत नाही. तळव्याच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून अल्नर मज्जातंतू जातो, तर मनगटाच्या मध्यातून मीडियन मज्जातंतू. पहिल्यावर दाब आला की करंगळी आणि अनामिका बधिर होतात, दुसऱ्यावर आला की अंगठा, तर्जनी आणि मधले बोट. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की वैद्यकात तिला सायकलस्वारांच्या नावाचाच आजार मानतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६०० किलोमीटरच्या प्रवासाआधी आणि नंतर २५ सायकलस्वारांचे हात तपासण्यात आले. त्यांपैकी २३ जणांमध्ये बोटांची ताकद किंवा संवेदना, निदान एकीत तरी बिघाड आढळला. या आकड्याचा अर्थ ताणू नये. त्याने सरळ हँडल दोषी ठरत नाही, कारण हाताला मुंग्या सर्व प्रकारच्या हँडलांवर येतात. मात्र एवढे निश्चित कळते, की लांब प्रवासात हात हा सायकलस्वाराच्या शरीराचा कच्चा दुवा आहे, आणि हँडलच्या आकाराचा विचार करताना त्याला मध्यभागी ठेवणे हा लाडावलेपणा नाही.

आपल्याकडच्या जुन्या उंच सायकली, म्हणजे दूधवाले आणि पोस्टमन वर्षानुवर्षे चालवत आले त्या, या बाबतीत काय करत होत्या हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या नमुन्यावरून आलेल्या आणि पुढे लुधियान्यासारख्या ठिकाणी लाखोंनी बनलेल्या त्या सायकलीचे हँडल इतके मागे वळलेले असते की ग्रिप जवळजवळ सायकलीच्या लांबीला समांतर येतात. स्वार ताठ बसतो, हात खांद्यापासून खाली उतरत येतो, तळवे एकमेकांकडे असतात आणि वजन बहुतेक सीटवर असते. त्या बैठकीसाठी ते हँडल उत्तमच आहे. पण त्याच हँडलावर पाठ वाकवून, छाती खाली आणून बसायचा प्रयत्न केला की चूक लगेच कळते. हात जमिनीला समांतर येतो, ग्रिपही समांतर असते, आणि दोन समांतर वस्तूंची पकड जुळवण्यासाठी मनगट करंगळीच्या बाजूला पूर्ण दुमडावे लागते. म्हणजे वळण जितके जास्त तितके चांगले, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. पाठीच्या कलाप्रमाणे वळण बदलले पाहिजे. पाठ ताठ असेल तर जास्त, पाठ वाकलेली असेल तर कमी, आणि कोपरे बाहेर काढून शर्यत मारायची असेल तर सर्वांत कमी. मागे वळलेल्या हँडलचे काही भक्त हा मुद्दा विसरतात आणि प्रत्येकाला ४५ अंशांचे औषध देऊ पाहतात. तो उत्साह मला मान्य नाही.

मग माउंटन बाइकवर सरळ दांडी आली कुठून? सुरुवातीला ती नव्हतीच. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात, 'रीपॅक' नावाची शर्यत पहिल्यांदा झाली. सुमारे ३.४ किलोमीटरचा कच्चा रस्ता आणि त्यात जवळपास ४०० मीटरचा उतार. त्यावर धावल्या त्या १९३०-४० च्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या जाड टायरांच्या जुन्या सायकली. उलटे पायडल मारून लागणाऱ्या त्यांच्या मागच्या ब्रेकमधले ग्रीस एका फेरीत जळून जायचे आणि ब्रेक उघडून पुन्हा भरावे लागायचे, म्हणून शर्यतीला ते नाव पडले. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची ही मंडळी याच वर्तुळातली. त्या जुन्या सायकलींना मुळात रुंद, मागे वळलेली हँडले होती, आणि त्यांनी नंतर निवडलेली हँडले मोटारसायकलींच्या धर्तीची, म्हणजे पुन्हा रुंद आणि बऱ्यापैकी मागे वळलेलीच. रिचीचे तिरक्या आधाराच्या दांड्या जोडलेले 'बुलमूस' हँडल आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्डने मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलेली स्टम्पजंपर यांतही ते वळण टिकून होते. इंग्लंडमध्ये जेफ अ‍ॅप्स यांनी तर साधारण त्याच काळात क्लीलँड नावाने चिखलवाटांसाठी सायकली बनवल्या. त्यांचा आदर्श अडथळ्यांवरून हळू चालवायच्या मोटारसायकली होत्या, आणि स्वाराची बैठक मुद्दाम ताठ ठेवलेली होती. अवघड जमिनीवर सायकल चालवणाऱ्यांचा पहिला अनुभव सरळ दांडीकडे नेत नव्हता, हे एवढ्यावरून दिसते.

सरळ दांडी आणली ती शर्यतीने. १९८३ मध्ये अमेरिकेत या खेळाची संघटना झाली, १९९० मध्ये कोलोराडोतील दुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री शर्यत आली. या शर्यती चढावर जिंकल्या जात. चढावर पुढचे चाक जमिनीला धरून ठेवायला आणि वाऱ्याला कमी अडायला स्वार पुढे झुकतो. म्हणून दांडी अरुंद झाली, ५६० मिलिमीटरच्या आसपास आली, सरळ झाली, आणि तिला धरणारा स्टेम १२ ते १५ सेंटिमीटर लांब झाला. पुढे उतारावरच्या वेगाला महत्त्व आले तेव्हा चित्र उलटले. सायकलीची चौकट लांब झाली, चिमटा अधिक कलला, स्टेम ३५ ते ५० मिलिमीटरवर आला आणि दांडी ८०० मिलिमीटरपर्यंत रुंदावली. एवढ्या उलथापालथीत दांडीचे वळण मात्र फारसे वाढले नाही, कारण दोन्ही काळांत आकार ठरवणारा माणूस एकच होता, शर्यत मारणारा. दुकानातून सायकल नेणाऱ्याला त्या निर्णयात जागा नव्हती. 'हे हँडल एवढे चांगले असते तर जगज्जेत्यांनी नसते का वापरले?' या आक्षेपाचे उत्तर इथेच आहे. जगज्जेते त्यांच्या दीड तासाच्या शर्यतीसाठी योग्य तेच वापरतात. १९९० च्या मोसमात जॉन टोमॅक या नामांकित अमेरिकी स्वाराने माउंटन बाइकच्या शर्यती चक्क रेसिंग सायकलच्या खाली वाकलेल्या हँडलावर मारल्या, कारण तो त्याच काळात रस्त्यावरच्या शर्यतीही करत होता आणि त्याला आपली बैठक दोन्हीकडे सारखी ठेवायची होती. अव्वल खेळाडूची निवड त्याच्या गरजेचा पुरावा असते, आपल्या गरजेचा नसते.

यापेक्षा वजनदार आक्षेप नियंत्रणाचा आहे. मागे वळलेल्या हँडलावर सायकल हातातून जाते, असे म्हणतात. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली रुंदीची. रुंद दांडीने चाक वळवायला जोर जास्त मिळतो हे खरे, पण तो जोर तळहाताचा मध्य सुकाणूच्या अक्षापासून किती दूर आहे यावर ठरतो, दांडीच्या टोकावर नाही. ७८० मिलिमीटरच्या नेहमीच्या दांडीवर तळहाताचा मध्य बाजूला साधारण ३२५ मिलिमीटरवर येतो. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जेफ जोन्स यांनी घडवलेल्या ४५ अंशांच्या 'एच-बार'चा रुंद प्रकार ७१० मिलिमीटरचा आहे. ग्रिप तिरकी असल्यामुळे तिथे तळहाताचा मध्य टोकापासून फार आत सरकत नाही, तो ३१० च्या आसपास राहतो. रुंदीत ७० मिलिमीटरचा फरक आणि हातांच्या जागेत जेमतेम १५ चा. म्हणजे जोर गमावण्याची भीती अवास्तव आहे. दुसरी गोष्ट कोपरांची, आणि तिथे मात्र आक्षेप घेणारे बरोबर आहेत. वळलेली दांडी कोपरे आत ओढते. दगडावरून, पायरीवरून सायकल उतरताना समोरून येणारा धक्का झेलायला कोपरे बाहेर आणि वाकलेली असावी लागतात. छाती पुढे नेऊन वळणावर पुढच्या चाकावर भार टाकायचा असेल, तरी तेच. जो वेगाने, उभ्याने, अवघड उतार उतरण्यासाठीच सायकल घेऊन डोंगरात जातो, त्याने ७ ते ९ अंशांची रुंद दांडी बदलू नये. तिथे ती हवीच. पण दिवसभराच्या प्रवासात असे उतार किती येतात? कोकणातल्या जांभ्याच्या कच्च्या वाटा, धरणांच्या कडेचे रस्ते, सह्याद्रीतले घाट, गावांना जोडणारे खड्ड्यांचे डांबरी तुकडे, किनाऱ्याने गोव्याकडे जाणारा रस्ता, या सगळ्यावर माणूस बहुतांश वेळ बसलेला असतो. थोड्या वेळाच्या कामगिरीसाठी उरलेला सगळा वेळ मनगट मुरडून ठेवायचे, हा सौदा शर्यतीबाहेरच्या माणसाला परवडत नाही. १२ ते १६ अंशांच्या मध्यम वळणावर तर कोपरे हवी तेव्हा बाहेर काढताही येतात. जर्मनीतील एसक्यूलॅबसारख्या कंपन्या नेमक्या याच अंशांची हँडले माउंटन बाइकसाठी बनवतात ती म्हणूनच.

तिसरा आक्षेप सर्वांत हुशार आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. तो असा: हाताला आराम वळणामुळे मिळतच नाही. हँडल मागे वळले की हात जवळ येतात, माणूस ताठ बसतो, वजन हातांवरून सीटवर जाते आणि म्हणून बरे वाटते. मग आखूड स्टेम लावूनही तेच साधले असते. हा हिशेब करून पाहू. दांडी मध्यापासून १०० मिलिमीटरवर वळायला लागते असे धरले, तर तिथून तळहाताच्या मध्यापर्यंत २२५ मिलिमीटर उरतात. ८ अंशांऐवजी १६ अंशांची दांडी लावली की तळहात सुमारे ३३ मिलिमीटर मागे येतो. ही किरकोळ गोष्ट नाही, एवढ्या फरकाने पाठीचा कल नक्की बदलतो. तेव्हा आक्षेपात तथ्य आहे: नुसते हँडल बदलून 'फरक पडला' म्हणणाऱ्याला तो कशाने पडला हे सांगता येणार नाही. उपाय सोपा आहे. १६ अंशांच्या दांडीबरोबर स्टेम तीसएक मिलिमीटरने लांब घ्यायचा. हात पूर्वीच्याच जागी येतात, पाठ पूर्वीसारखीच राहते, बदलतो फक्त मनगटाचा कोन. मुठीतल्या पेन्सिलींनी दाखवलेली मुरड या जोडणीत कमी होते, आणि ताठ बसण्याशी तिचा काही संबंध नसतो. उलट आखूड स्टेमने वजन सीटवर जाईल, पण मुरड तशीच राहील किंवा रुंद दांडीवर वाढेल. दोन्ही उपायांचा फायदा होतो, पण ते दोन वेगळे उपाय आहेत.

लांबी जुळवली नाही तर काय होते, हे चढावर कळते. हात मागे आले, धड मागे आले, की तीव्र चढावर पुढचे चाक उचलायला लागते आणि सायकल रेषेत राहत नाही. उभ्याने चढताना गुडघे ग्रिपच्या टोकांना लागतात, अरुंद वळणावरही तेच. मागे वळलेल्या हँडलविषयीच्या बहुतेक तक्रारी या प्रकारच्या असतात आणि त्या खऱ्या असतात, फक्त दोष भलत्यावर ठेवलेला असतो. जोन्स यांनी आपल्या हँडलासाठी सायकलीच आखल्या, आणि त्यांच्या एका प्रकारात दांडीच्या पुढे एक बंद कमान जोडली. चढावर किंवा समोरून वारा असताना हात त्या कमानीवर नेले की धड पुढे जाते. ग्रँट पीटरसन यांच्या देखरेखीखाली आलेल्या १९९२ च्या ब्रिजस्टोन एक्सओ-१ या २६ इंची चाकांच्या सायकलीवर मिशांसारखे वळलेले हँडल होते, त्यातही हातांच्या अनेक जागा हाच विचार होता. एकाच जागी हात ठेवून दिवस काढायला लावणारे कोणतेही हँडल शेवटी दुखवतेच, मग त्याचा कोन कितीही बरोबर असो. नव्वदच्या दशकात सरळ दांडीच्या टोकांना छोटी शिंगे लावायची पद्धत होती. ती फॅशन म्हणून गेली, पण हातांना दुसरी जागा देण्याचा तिचा हेतू बरोबर होता, आणि ती गेली याचे मला वाईट वाटते.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी आधी पैशांशिवाय होणारे बदल करावेत. सीटचे नाक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरत राहते आणि हातांवर भार येतो; सीट सपाट करावी. टायरमधली हवा जमिनीला शोभेल इतकी कमी करावी. ब्रेकचे लिव्हर बोटांच्या रेषेत येतील असे फिरवावेत. तरीही बोटे बधिर होत असतील तर थेट ४५ अंशांकडे न जाता १२ ते १६ अंशांपासून सुरुवात करावी, आणि हँडल घेतानाच लांब स्टेमची सोय पाहावी. पकडीचा व्यास, ३१.८ की ३५ मिलिमीटर, स्टेमशी जुळतो का हे तपासावे. ग्रिप, ब्रेक आणि गिअर मावतील एवढा सरळ भाग दांडीला आहे का, ब्रेकच्या वायर आणि नळ्या नव्या वळणाला पुरतात का, हेही पाहावे. आणि जुनी अ‍ॅल्युमिनियमची दांडी पाइपात घालून वाकवून घेण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत आवरावा. अशी दांडी वाकताना कमकुवत होते आणि पुढे चालत्या सायकलवर, काही सूचना न देता तुटते.

उरते ते बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना सांगायचे आहे. सायकलच्या माहितीपत्रकात गिअर किती, सस्पेन्शन किती मिलिमीटरचे, ब्रेक कोणता हे सगळे ठळक असते. हँडलच्या वळणाचा अंश बहुधा नसतो, आणि विचारला तर दुकानात तो कोणाला सांगताही येत नाही. तो आकडा छापायला काही खर्च येत नाही. आणि जी माउंटन बाइक शर्यतीला कधीच जाणार नाही हे बनवणाऱ्यालाही ठाऊक आहे, तिच्यावर १२ किंवा १६ अंशांची दांडी कारखान्यातूनच बसवून द्यावी.